पाटावरचा सूर्य

माघातलं ऊन आमच्या धारच्या गच्चीवर हक्काने येतं. आधी कठड्यावर, मग पाण्याच्या टाकीवर, मग हातपाय पसरून सगळ्या गच्चीभर. आज सकाळी मी मुगाच्या वड्या घालायला वर गेले, पहिली ओळ घातली आणि पाठीवर ते ऊन आलं. वड्या तिथेच राहिल्या. हात धुतले, खाली गेले आणि माळ्यावरून दुर्बीण काढली. नवरा पेपरातून डोकं वर न करता म्हणाला, "लागलं वाटतं." लागलंच. माझं हे खूळ दर माघात डोकं वर काढतं आणि फाल्गुन सरता सरता ओसरतं. खूळ माझंच, पण त्याला खतपाणी घातलं ते आमच्या आत्याने, दोन-तीन वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात.

मी इथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. शिकवते हिंदीत, भाजीचा भाव करते माळवीत आणि रागावते मराठीत. आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. देवासला टेकडीच्या पायथ्याशी एकटी राहते, आणि कोणी तिला एकटी म्हटलं की चिडते. जन्मभर तिने मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. देवासच्या बाजारात तिला सरळ चालता येत नाही. दर दुकानात कडेवर नातवंड घेतलेली एखादी विद्यार्थिनी निघते आणि पाया पडते. त्या हिवाळ्यात मात्र आत्या त्यांना आवाजावरून ओळखू लागली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यातला चांगला पिकलेला. दूध समजून ताकाचं पातेलं गॅसवर चढवलं, हे तिनेच मला फोनवर हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. त्याच रविवारी जाऊन मी तिला संक्रांतीच्या निमित्ताने धारला घेऊन आले. डोळ्यांच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलं होतं, आणि माझा हा कावा तिला इंदूर यायच्या आत बसमध्येच कळला. "तिळगूळ खाईन," म्हणाली, "पण डोळ्याला हात लावू देणार नाही."

हा नुसता हट्ट नव्हता, ती भीती होती, आणि भीतीला कारण होतं. माझ्या आजोबांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आत्या कॉलेजात होती. जुना काळ. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना निजवून ठेवलं होतं. हलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. आत्या दिवसभर उशाशी बसून त्यांना चमच्याने पेज भरवायची. पट्टी सुटली तेव्हा आजोबांनी विचारलं, दिवा का लावला नाही. बाहेर लख्ख दुपार होती. आता सगळं बदललंय, माणूस चालत जातो आणि चालत घरी येतो, हे मी तिला शंभर वेळा सांगितलं. ती शंभर वेळा "हो का" म्हणाली. तिचं "हो का" म्हणजे विषय संपला.

मग मी विषय सोडून दिला आणि आम्ही हिवाळा खायला बसलो. माळव्यातला हिवाळा खायचाच असतो. गराडूचा कंद तळायचा, वरून मसाला भुरभुरायचा, लिंबू पिळायचं आणि बोटं भाजत खायचं. शेतातून ओल्या हरभऱ्याच्या जुड्या यायच्या, त्या गच्चीवर काटक्यांच्या जाळात भाजायच्या. हात काळे, ओठ काळे, आणि आत्याचं नाक सगळ्यांत काळं. सकाळची तिची शिस्त मात्र देवासचीच. आंघोळ, मग तांब्या घेऊन पूर्वेला तोंड, मग अर्घ्य. पाण्याच्या धारेतून सूर्याकडे बघायचं, ते सुद्धा डोळे किलकिले करून. मी विचारलं, दिसतं काय गं तुला? म्हणाली, "पिवळं दिसतं. पुरे आहे तेवढं."

रथसप्तमीला तिने पाटावर रक्तचंदनाने सूर्य काढला. गोवऱ्यांवर छोट्या मडक्यात दूध ठेवलं, ते उतू गेलं, धूर डोळ्यांत गेला, सगळं यथासांग झालं. मी म्हटलं, आज तुला खरा सूर्य दाखवते, पाटावरच. दुर्बीण सूर्याकडे वळवली. तिच्यातून सूर्याकडे कधीच बघायचं नसतं, क्षणभरही नाही, डोळा जातो. पण डोळा लावतो त्या टोकाच्या खाली पांढरा कागद धरला की सूर्याची प्रतिमा त्यावर आपोआप पडते. एका विटेला टेकवून पाट तिरका उभा केला, वर कागद लावला, आणि बशीएवढा सूर्य त्यावर उतरला. कडेला जरा मंद, मध्ये उजळ. आत्याने हात जोडले. मग तिच्या लक्षात आलं की कागद बघायचा तर सूर्याकडे पाठ करावी लागते. हे तिला मंजूर नव्हतं. रोज ज्याच्या समोर उभं राहायचं त्याला पाठ कशी दाखवायची? शेवटी तिने तोड काढली. पाटाच्या बाजूला आडवी बसली, एक खांदा सूर्याकडे आणि एक माझ्याकडे. उरलेला सगळा माघ ती तशीच बसली आणि तिची मान आखडली ती मला तेल लावून चोळावी लागली.

त्या दिवशी तिने आणखी एक गोष्ट केली. मी पाणी प्यायला खाली गेले तेवढ्यात तिने कागदावरच्या सूर्याला गंध, अक्षता आणि कुंकू वाहिलं. अक्षता गळून पडल्या. कुंकवाचे दोन-तीन कण कागदाला चिकटून राहिले. दुसऱ्या दिवशी कॉलेजची घाई. मी तोच कागद लावला, सूर्य उतरवला, आणि बघते तर खालच्या अंगाला एक नवा, ठसठशीत डाग. आनंदाने मला काही सुचेना. मोबाईलवर फोटो काढला आणि आकाश बघणाऱ्या हौशी मंडळींच्या आमच्या गटावर धाडून दिला: आज दक्षिण भागात नवीन मोठा समूह. अभिनंदनांचा पाऊस पडला. एकाने भीत भीत विचारलं की त्याच्या दुर्बिणीत तो का दिसत नाही. मी त्याला भिंग पुसायला सांगितलं.

पृथ्वी फिरते म्हणून कागदावरचा सूर्य सारखा सरकत असतो; दोन-तीन मिनिटांत कागदावरून उतरून जातो, दुर्बीण हलवून त्याला परत आणावा लागतो. आत्या आडवी बसून हे सरकणं बघत होती. शांतपणे म्हणाली, "मंजू, सूर्य पुढे गेला, तुझा डाग मागे कसा राहिला?" मी कागदावर बोट फिरवलं. बोट लाल झालं. आत्या हसता हसता पाटावरच कलंडली. गटावर त्यानंतर माझं नाव कुंकूवाल्या मॅडम पडलं ते आजतागायत तसंच आहे, आणि मला ते मनापासून आवडतं.

आज मात्र कागद जवळजवळ कोरा निघाला. काठाशी एक बारीक ठिपका, तोही असेल नसेल असा. सूर्याची ही भरती-ओहोटी साधारण अकरा वर्षांची. त्या हिवाळ्यात भर होता. एकाच वेळी चार-चार ठिकाणी डाग, रोज नवीन कोणीतरी दारात उभं. आता ओसरतंय. पाठीवरचं ऊन तेवढंच उबदार आहे, पण कागद कोरा बघून जीव जरा हिरमुसतो. घर भरलेलं बघायची सवय लागली की असंच होतं. दहा वाजता देवासहून आत्याचा फोन येईल, आणि ती माझी खुशाली न विचारता आधी विचारेल, "आहेत का कोणी आज?"

त्या हिवाळ्यात कुंकवानंतर दहा दिवसांनी खरा पाहुणा आला. कागदावरच्या सूर्याच्या उगवत्या कडेपासून जरा आत, काल जिथे काहीही नव्हतं तिथे, दोन टिंबं. मोहरीच्या दाण्याएवढी पण नाहीत. मी आधी बोट फिरवून पाहिलं. बोट कोरं राहिलं. सूर्य सरकला तशी टिंबंही सरकली. डागाचा जन्म आपल्या डोळ्यांदेखत सापडणं ही भाग्याची गोष्ट असते, कारण बहुतेक डाग कडेवरून आयते मोठे होऊन येतात. शेजारचा मनोजभिया नेमका तेव्हा जिना चढून आला. तो पीथमपूरच्या एका कारखान्यात आहे. रात्रपाळी संपवून शिफ्टच्या बसमधून उतरला की घरी जायच्या आधी आमच्याकडे चहा. घराणं मराठी, पण शाळा हिंदी, त्यामुळे त्याचं वाक्य मराठीत निघून हिंदीत पोचतं. टिंबं बघून म्हणाला, "भाभी, ये तो अजून बाळ आहे." दुसऱ्या दिवशी बाळाने बाळसं धरलं. तिसऱ्या दिवशी चहाचा कप विसरून आम्ही तिघंही पाटाभोवती बसलो होतो.

आत्याला कारण हवं होतं. गणिताच्या बाईला नुसतं "असतं" म्हणून चालत नाही. योगायोग असा की त्याच सकाळी तिच्या महेश्वरी साडीचा पदर दाराच्या खिळ्यात अडकला आणि एक धागा ओढला जाऊन वर फासासारखा उभा राहिला. मी तोच पदर हातात घेतला. सूर्याच्या पोटात चुंबकत्वाचे असे धागे असतात, म्हटलं. सूर्य आपल्या पृथ्वीसारखा घट्ट नाही, त्याचा मधला पट्टा भराभर फिरतो आणि वरखालचा भाग रेंगाळतो, म्हणून ते धागे ताणले जातात, पिळले जातात, एकमेकांत गुंततात. पीळ फार झाला की त्यातली एखादी जुडी हलकी होऊन वर येते आणि पृष्ठभाग फोडून कमान करून बाहेर पडते. जिथून बाहेर पडली तिथे एक डाग, जिथे परत आत शिरली तिथे दुसरा. म्हणून ते जोडीने येतात, एक उत्तर ध्रुव, एक दक्षिण. कमान मात्र आपल्याला या कागदावर दिसत नाही, तिचे फक्त पाय दिसतात. आत्याने पदर डोळ्यांशी नेला, धागा चाचपला आणि म्हणाली, "म्हणजे डाग दोन दिसतात, पण आहे ते एकच."

त्या जोडीला नावं तिनेच ठेवली. देवास हे एक गाव पण राज्यं दोन, थोरल्या भावाच्या वंशाचं आणि धाकट्याच्या, बडी पांती आणि छोटी पांती. गाव तेच, बाजार तोच, टेकडी तीच, आणि कारभार वेगळे. आमचे पणजोबा छोट्या पांतीच्या दफ्तरात होते, म्हणून आमच्या घरात अजूनही छोट्या पांतीची बाजू घ्यायची पद्धत आहे, जरी दोन्ही राज्यं केव्हाच बुडाली. सूर्यावरच्या जोडीत जो डाग पुढे चालतो तो गोल, घट्ट, आब राखून असतो. मागचा पसरट, फाटक्या कडांचा, भोवती चिल्लीपिल्ली घेऊन चालणारा. आत्याने एका नजरेत निवाडा केला. पुढचा बडी पांती, मागचा छोटी पांती. "आपण मागच्याचे," तिने मनोजभियाला बजावलं. तो बिचारा धारचा, त्याला दोन राज्यांचं सुखदुःख नाही. पण त्या दिवसापासून तो जिन्यातूनच विचारायचा, "आत्याबाई, छोटी पांती के क्या हाल?"

हाल उत्तम होते. आठवडाभरात बडी पांती चांगली डाळीएवढी झाली. मध्ये गडद काळी, तिला छाया म्हणतात. भोवती करड्या रंगाची झालर, ती उपछाया, आणि हवा स्थिर असली की त्या झालरीतले बारीक दोरे बाहेरच्या बाजूला पसरलेले दिसायचे. काळं का, याचंही उत्तर सोपं आहे. सूर्याचा पृष्ठभाग सदा उकळत असतो, खालची उष्णता उकळीबरोबर वर येते. पण चुंबकत्व इतकं दाट झालं की ते उकळी धरून ठेवतं, उष्णता वर येऊ देत नाही, आणि तेवढा तुकडा बाकीच्यांपेक्षा निवतो. निवतो म्हणजे किती, तर तरीही लोखंड वितळून वाफ होईल इतका तप्त. तो डाग नुसता उचलून काळ्या आभाळात ठेवला तर झगझगेल. केवळ शेजारी जास्त उजळ म्हणून तो काळा ठरतो. हे ऐकून आत्या खूष झाली. वर्गातल्या कुठल्याशा मागच्या बाकावरच्या मुली तिला आठवल्या असाव्यात, कारण ती लगेच त्यांची नावं घ्यायला लागली.

उत्तर भागातल्या जोडीत पुढचा डाग एका ध्रुवाचा असेल तर दक्षिण भागात उलट. आणि अकरा वर्षांनी नवी फेरी आली की सगळ्यांचीच अदलाबदल. मी हे सांगितल्यावर आत्याने जरा विचार केला आणि दुपारी देवासच्या मैत्रिणीला फोन लावून कळवलं की सूर्यावरसुद्धा राज्य पालटतं. ती रोज फोन करायची. टेकडीखालच्या त्या गल्लीत त्या महिन्यात सूर्याची बातमी भाव-बाजाराच्या आधी पोचत होती.

मला त्या दिवसांत गंधवानीला परीक्षेची ड्यूटी होती. सकाळी सूर्य बघायचा आणि बस पकडायची. वाटेत पळस फुलले होते, पानं एकही नाही, नुसता रंग. गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या आणि बसच्या खिडकीतून येणारा वारा दर दिवशी थोडा कोरडा होत होता. वर्गात मुलं माना खाली घालून लिहीत असायची आणि खिडकीतून उन्हाचा चौकोन फरशीवरून सरकत जायचा. मी तो चौकोन बघत बसायचे. या उन्हात आत्ता बडी पांतीच्या वाटचा उजेड जरा कमी आहे, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक आहे, या विचाराने मला खुदकन हसू यायचं. इतकं कारण नसलेलं सुख मला आयुष्यात फार वेळा मिळालेलं नाही. एका मुलीने हसताना पाहिलं आणि घाबरून आपला पेपर दोन्ही हातांनी झाकला.

जोडी चालत चालत कडेकडे निघाली होती. मागचा डाग टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. तो आधी फुटतो, त्याचे तुकडे होतात, ते विरतात, आणि पुढचा बरेचदा एकटाच मागे उरतो. मी आत्याला सांगितलं नव्हतं. शिवरात्रीच्या दोन दिवस आधी तिनेच बराच वेळ कागदाकडे बघून सांगितलं, "गेली छोटी पांती. संपली." आवाजात थोडं दुःख होतं, पण ते तिने ठेवणीतल्या समजूतदारपणाने झाकलं. कालही नव्हती म्हणाली, आणि देवासला तसं कळवूनही टाकलं होतं. मी काही बोलणार तेवढ्यात मनोजभिया वाकला.

"गेली कुठे, आत्याबाई? आहे नी. ये देखो, बारीक बारीक, दाणे दाणे."

"कुठे?"

त्याने पेन्सिलचं टोक एका ठिपक्याखाली धरलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तो भला माणूस, त्याला वाटलं आपण आनंदाची बातमी देतोय. आत्या कागदावर इतकी वाकली की तिच्या डोक्याची सावली सूर्यावर पडली. मग सरळ झाली आणि माझ्याकडे वळली.

"मंजू, आहेत?"

"आहेत, आत्या."

मनोजभियाला काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी झालं हे कळलं. तो चहा न पिता उठला. सूर्य कागदावरून सरकून उतरून गेला आणि मी त्याला परत आणला नाही. आंधळेपण म्हणजे अंधार असं आपण समजतो. पण आत्याला अंधार कुठे दिसत होता? तिला स्वच्छ कोरा कागद दिसत होता, आणि जे तिला दिसत नव्हतं ते नाहीच, असं ती खात्रीने सांगत होती, फोन करून सांगत होती.

दुपारी गच्चीवर हरभरा सोलत बसलो असताना खाली मान घालून तिने विचारलं की कडेपलीकडे गेलेली ही जोडी परत कधी येते. मी म्हटलं, सूर्याची मागची बाजू ओलांडायला साधारण दोन आठवडे. टिकली तर दुसऱ्या कडेवरून येईल, होळीच्या सुमाराला. नाही टिकली तर नाही. तिने आणखी थोडे दाणे सोलले.

"आणि डोळा बरा व्हायला किती दिवस लागतात?"

मी घाईघाईने उत्तर दिलं नाही. या वेळी घाई केली तर ही "हो का" म्हणेल, हे मला माहीत होतं. आधी हातातले घाटे सोलून संपवले. मग म्हटलं, बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दिसायला लागतं, होळीपर्यंत चांगलं दिसेल. "वाळूच्या पिशव्या?" तिने विचारलं. नाहीत आता, म्हटलं. तिने मान हलवली आणि सोललेले दाणे माझ्या ताटलीत ओतले.

ऑपरेशनला ती स्वतःच्या पायांनी गेली. शिवरात्र नुकतीच झाली होती. पदराला तिने ओव्याची पुडी बांधून नेली होती. कशासाठी ते तिलाही सांगता आलं नाही. आत जाताना माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उमटला. मी बाहेर बाकावर बसले आणि मला आजोबांनी विचारलेला तो दिवा सारखा आठवत राहिला. फार वेळ लागला नाही. ती बाहेर आली ती उजव्या डोळ्यावर पट्टी आणि ओठांवर तक्रार घेऊन, की आतल्या मुलीने आपल्याला "अम्माजी" म्हटलं, "बहेनजी" म्हणायला काय झालं होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आत्याने माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि त्यावरची एकादशी वाचून दाखवली.

मग बारा-तेरा दिवस काळा चष्मा, थेंब आणि घरकोंडी. फाल्गुन भरात आला. गल्लीतल्या पोरांना होळीपर्यंत थांबवत नाही, ती आठवडाभर आधीपासून पिचकाऱ्या चालवतात; गुलालाचा एक कण डोळ्यात जायला नको म्हणून मी जिन्याच्या दाराला कुलूप घालायचे. आत्या खोलीत बसून सगळं बघायची. बघायची म्हणजे काहीही. डाळीतले खडे, माझ्या बांगड्यांवरची नक्षी, समोरच्या छपरावरचा साळुंक्यांचा संसार. मी मात्र रोज सकाळी एकटी वर जाऊन कागद लावत होते आणि त्या कडेवर काही नाही हे बघून खाली येत होते. ती विचारायची नाही. जिन्यातून उतरणाऱ्या माझ्या पावलांवरून तिला कळत असावं. मी मनातून देवांना वेठीला धरलं होतं. डोळा सुधारला होता, पण तिने तो ज्यासाठी दिला होता ते तर अजून यायचं होतं, आणि जोडी पलीकडेच विरली असती तर मी तिला कुठून आणून दाखवणार होते?

होळीच्या आदल्या सकाळी कडेवर काहीतरी आलं. मी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं; कागदावरचा उजेड चालेल, सूर्याकडे बघायचं नाही. आत्याला वर आणलं, सावलीत बसवलं, तशीच आडवी. तिने काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला. मी सूर्य पाटावर उतरवला.

काठापासून जराशी आत एक काळी, चपटी रेघ होती. काठावर सगळंच तिरकं दिसतं, म्हणून गोल डाग असा चेपलेला दिसतो. बडी पांती परत आली होती. तिच्या मागे काठापर्यंत सगळं कोरं होतं. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, पण आत्या वाकली होती. तिने करंगळी कागदाजवळ नेली, कागदाला न लावता.

"हे पांढरे धागे कसले गं?"

मला धागे दिसत नव्हते. मी खाली जाऊन माझा जवळचा चष्मा घेऊन आले. मग दिसले. रेघेच्या मागे, सूर्याच्या त्या मंद काठावर, बाकीच्यापेक्षा किंचित जास्त उजळ अशा नसा पसरल्या होत्या, दुधावरच्या सायीला सुरकुत्या पडाव्यात तशा. डाग विरतो तेव्हा त्याचं चुंबकत्व लगेच संपत नाही. ते पांगतं, आणि जिथे पांगतं तिथला सूर्य जरासा जास्त उजळतो. मध्यावर ते कळत नाही, फक्त काठावर, आणि तिथेही चांगल्या डोळ्याला. वर्षानुवर्षं सूर्य कागदावर उतरवत आले होते, पण हे धागे इतके स्पष्ट मी कधी पाहिले नव्हते.

"तीच आहे," मी म्हटलं. "छोटी पांती. काळी राहिली नाही एवढंच."

आत्या बघत राहिली. सूर्य सरकला, कागदाच्या कडेशी गेला, उतरला. "परत आण," ती म्हणाली. मी परत आणला. तो परत गेला, मी परत आणला. असं किती वेळा केलं कोण जाणे. खाली मनोजभियाची बस आली असावी, कारण तो गल्लीतून हाक मारत होता आणि आम्ही दोघींनी ओ दिली नाही. तिच्या त्या उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. मी घाबरून म्हटलं, दुखतंय का? तिने हातानेच नाही म्हटलं.

मग तिने डावा डोळा उघडा ठेवून उजव्यावर हात धरला आणि कागदाकडे पाहिलं. हात काढला. पुन्हा धरला, पुन्हा काढला. काळा चष्मा चढवला आणि बाजारातून कोथिंबीर आणायला सांगावं तशा आवाजात मला म्हणाली,

"मंजू, दुसऱ्या डोळ्याची तारीख घे. आणि लवकरची घे गं, नाहीतर हे पलीकडे जातील."